रुग्णशोध स्वयंसेवा यंत्र

रुग्णालयात दाखल असलेला माणूस कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर आणि कोणत्या वॉर्डात आहे हे भेटायला आलेल्यांना चौकशी खिडकीपुढे रांग न लावता स्वतःच पाहता यावे, यासाठी प्रवेशद्वाराजवळ बसवलेले टचस्क्रीन यंत्र. याला किऑस्क असेही म्हणतात. काही ठिकाणी हेच काम क्यूआर कोड स्कॅन करून मोबाइलवर होते. यंत्राजवळ स्वतःची माहिती काहीच नसते. रुग्ण दाखल झाला, एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवला, डिस्चार्ज मिळाला, की रुग्णालयाची संगणकप्रणाली तसा संदेश पाठवते आणि यंत्र तो दाखवते. १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एचएल-सेव्हन संस्थेच्या प्रमाणानुसार या तीन संदेशांचे संकेत ए०१, ए०२ आणि ए०३ असे आहेत. साहजिकच यंत्राचा खरेपणा वॉर्डातल्या नोंदीइतकाच असतो. रुग्णाला दुपारी आयसीयूत हलवले आणि नोंद रात्री पाळी बदलताना झाली, तर मधल्या वेळात यंत्र नातेवाइकांना रिकाम्या खाटेकडे पाठवत राहते. ती खाट पाहून त्यांच्या मनात काय येत असेल, याचा विचार यंत्र विकत घेणाऱ्यांनी आधी करायला हवा.

दुसरी अडचण नावाची. केसपेपरवरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव पुष्कळदा वेगळे असते. बाईचे माहेरचे नाव आधार कार्डावर आणि सासरचे नातेवाइकांच्या तोंडी असते. त्यात नोंद रोमन लिपीत झाली, की एकाच आडनावाची अनेक रूपे होतात. उच्चारावरून नाव जुळवण्याची साउंडेक्स ही जुनी पद्धत (पेटंट १९१८) अमेरिकेतली. तिच्यात पहिले अक्षर तसेच राहते आणि पुढच्या व्यंजनांना अंक मिळतात. विदर्भात ‘जाधव’ हे आडनाव रोमन लिपीत अखेरीस ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ देऊनही लिहितात. साउंडेक्सनुसार एका रूपाचा संकेत जे-३१० होतो, तर दुसऱ्याचा जे-३००, आणि यंत्र ‘असा रुग्ण नाही’ म्हणून मोकळे होते. ‘वाघ’ कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, तिथे तर पहिले अक्षरच जुळत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या यंत्रात देवनागरीतून शोधण्याची आणि मराठी नावांसाठी बेतलेल्या जुळणीची सोय असणे ही प्राथमिक गरज आहे.

मात्र जुळणी जितकी सैल, तितकी परक्यांची नावे पडद्यावर जास्त, आणि या यंत्राचा खरा प्रश्न इथे आहे. अमेरिकेत १९९६ च्या हिपा कायद्याखालील गोपनीयता नियम बहुतेक रुग्णालयांना एप्रिल २००३ पासून बंधनकारक झाला. त्यानुसार जो रुग्णाचे नाव घेऊन विचारतो त्याला रुग्णाचा ठावठिकाणा आणि प्रकृतीची ढोबळ स्थिती सांगता येते. पण आपले नाव या यादीत नको, असे म्हणण्याची संधी रुग्णाला द्यावी लागते. ‘नाव घेऊन’ ही अट यंत्राला लावून पाहिली, की बाजारातल्या कितीतरी सोयी बाद ठरतात. दोन अक्षरे टंकताच खाली नावांची रांग उलगडणारा पडदा विचारणाऱ्याला न विचारलेली माणसे सांगतो. वॉर्डाचे नावही निरुपद्रवी नसते. ‘कर्करोग विभाग, तिसरा मजला’ म्हणजे निदानच. त्याऐवजी इमारत, मजला आणि खोली क्रमांक पुरतो. ज्याने नाव लपवायला सांगितले आहे त्याच्यासाठीचे उत्तर आणि जो दाखलच नाही त्याच्यासाठीचे उत्तर शब्दशः एकच असले पाहिजे. ‘माहिती देता येत नाही’ असे वेगळे वाक्य दिसले, की माणूस आतच आहे हे मारहाण करणाऱ्या नवऱ्यालाही कळते.

भारतात रुग्णालयाच्या भेटयादीसाठी असा स्वतंत्र नियम नाही. पण एड्सविषयक कायदा आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा (दोन्ही २०१७) गोपनीयतेचे बंधन घालतात, आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मोकळी आणि नेमक्या हेतूपुरती असावी असे म्हटले आहे. म्हणून सर्वांना खुला शोध देण्यापेक्षा पासावरचा शोध इथे अधिक योग्य. दाखल होताना रुग्ण किंवा जवळचा नातेवाईक ज्यांना पास देतो, त्यांनी त्यावरचा कोड यंत्राला दाखवावा आणि यंत्राने वाट दाखवावी. नातेवाइकांना पास देण्याची पद्धत आपल्या मोठ्या रुग्णालयांत रुळलेली आहे. त्या पासावर कोड छापणे अवघड नाही. यात स्पेलिंगचा घोळही उरत नाही.

यावर आक्षेप असा, की गावाहून अचानक आलेल्या चुलत्याकडे पास कुठून असणार? खरे आहे, आणि आपल्याकडे आजाऱ्याला भेटून येणे हे नात्यातले कर्तव्यच मानतात. अशा पाहुण्यासाठी खिडकी चालू ठेवावीच लागेल; तिथला कर्मचारी वॉर्डात फोन करून रुग्णाला विचारू शकतो. पासवाले यंत्राकडे वळले, तर त्याला त्यासाठी वेळही मिळेल. दुसरा आक्षेप, म्हाताऱ्या किंवा निरक्षर माणसाला यंत्र जमणार नाही. मुंबईच्या लोकल स्थानकांवर तिकिटाची एटीव्हीएम यंत्रे आली तेव्हा रेल्वेने त्यांच्याजवळ निवृत्त कर्मचारी मदतनीस म्हणून नेमले आणि ती यंत्रे वापरात आली. रुग्णालयालाही तसा माणूस द्यावा लागेल. यंत्र बसवून पगार वाचवायचा बेत असेल, तर ते न बसवलेलेच बरे. आणि माणसापाशी गुपित आपोआप सुरक्षित राहते, असे म्हणणाऱ्यांनी २०१२ चे लंडनमधले प्रकरण आठवावे: रेडिओवरच्या दोन निवेदकांनी राजघराण्यातील असल्याचे भासवून एका रुग्णालयात फोन केला आणि त्यांना तिथे दाखल असलेल्या डचेस ऑफ केंब्रिजच्या प्रकृतीची माहिती मिळाली. फोनवरच्या आवाजाची खातरजमा झाली नाही. पासावरच्या कोडाची होते.

आपत्तीत मात्र पासाला प्राधान्य देणारा हा क्रम उलटा करावा लागतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. जखमी पश्चिम उपनगरांपासून शहरापर्यंतच्या अनेक रुग्णालयांत विखुरले, मोबाइल लागेनासे झाले आणि घरचे लोक एकेका रुग्णालयात याद्या पाहत फिरले. अशा वेळी बेशुद्ध जखमी पास कोणाला देणार? हिपाचा नियमही आपत्तीत मदतसंस्थांमार्फत कुटुंबाला कळवण्याची मोकळीक ठेवतो. आपत्ती जाहीर होताच सर्व रुग्णालयांच्या यंत्रांवर एकच सामायिक शोध खुला व्हावा, त्यात बेवारस जखमीचे अंदाजे वय, लिंग, कपडे आणि अंगावरच्या खुणा असाव्यात, आणि काही दिवसांनी तो आपोआप बंद व्हावा. त्यासाठी पालिका, सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या प्रणाली एकमेकींशी आधीच जोडलेल्या हव्यात; स्फोटाच्या संध्याकाळी ते काम होत नाही.