गळाचा झटका: एका क्षणाचा नऊशे वर्षांचा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, लढाया आणि किल्ले सोडून हे काय काढलंत? विषय साधा आहे. माशाने गळाचं आमिष तोंडात घेतलं की काठी कधी ओढायची आणि किती जोराने? हा सगळा प्रकार एका सेकंदात आटोपतो. पण या सेकंदाला मोठा इतिहास आहे. त्यात कल्याणीचा एक राजा आहे, पुण्याच्या मुळा-मुठेत मासे तपासणारा एक फौजी अधिकारी आहे आणि अमेरिकेतला बास नावाचा मासा आहे. शेवटी आपल्या नद्यांमध्ये मासा उरणार की नाही, हा प्रश्नही आहे.

आधी शब्द पाहू. देशावर आपण गळ म्हणतो. गळ टाकणे, गळाला लागणे हे वाक्प्रचार राजकारणाच्या बातम्यांतही रोज दिसतात. कोकणात आणि गोव्यात मात्र गरी म्हणतात आणि गळाने मासे धरायला गरवणे. आता गंमत बघा. इथे भिलाईत, शिवनाथच्या काठावर किंवा गावच्या तलावावर काठी घेऊन बसलेल्या माणसाला विचारा. तोही गरीच म्हणतो. छत्तीसगढीत ‘गरी खेलना’ म्हणजे गळाने मासे पकडणं. मालवणचा माणूस आणि दुर्गचा माणूस, मध्ये एवढं अंतर, पण हातातल्या वस्तूला शब्द एकच.

संस्कृतात गळाला बडिश म्हणतात. अमरकोशाने त्याला दुसरा शब्द दिला आहे, मत्स्यवेधन, म्हणजे माशाला वेधणारं साधन. हा शब्द नेमका आहे. गळ नुसता अडकत नाही, त्याला रुतावं लागतं. टोकामागे जो उलटा काटा असतो, तो मांसात शिरेपर्यंत मासा आपला नसतो. मासा बहुतेक वेळा आमिष तोंडात घेऊन चाचपतो आणि काही खटकलं की थुंकून टाकतो. त्याने तोंडात घेणं आणि थुंकणं या दोन्हींच्या मधल्या वेळात माणसाने दोरीला ताण द्यायचा. यालाच झटका म्हणतात. लवकर दिला तर आमिष तोंडातून बाहेर येतं. उशिरा दिला तर मासा थुंकून निघून जातो, नाहीतर गळ थेट पोटात गिळतो. ही तिसरी शक्यता लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच येणार आहे.

आता जाऊ बाराव्या शतकात. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेलं हे गाव चालुक्यांची राजधानी होतं. तिथे विक्रमादित्य सहावा याच्यानंतर त्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा गादीवर आला. या राजाच्या नावावर मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११२९ ते ११३१ या काळातला. शंभर अध्यायांचा हा ग्रंथ म्हणजे त्या काळच्या राजजीवनाचा कोशच आहे. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्याला मानतात ते आणखी एका कारणाने. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत तो छापला गेला, संपादक होते श्रीगोंदेकर.

या ग्रंथाच्या विनोद भागात, म्हणजे राजाच्या करमणुकीच्या भागात, मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशा कितीतरी माशांची नावं तिथे येतात. कोणत्या माशाला काय खायला आवडतं, दोरी कशी हवी, गळ कसा हवा, हेही येतं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर सविस्तर निबंध लिहिला आणि जगाच्या मत्स्यशास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे वेधलं.

हे महत्त्वाचं का? इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ सालचं. आयझॅक वॉल्टनचं जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ सालचं. मानसोल्लास यातल्या पहिल्यापेक्षाही साडेतीनशे वर्षं जुना आहे. आणि यात मासेमारी ही पोटाची गरज म्हणून आलेली नाही, करमणूक म्हणून आलेली आहे. पोटासाठी मासे धरणारा जाळं टाकतो, एका ओढीत टोपली भरतो. करमणुकीसाठी धरणाऱ्याला एकच मासा हवा असतो आणि त्या एका माशाची खोड त्याला कळावी लागते. म्हणून प्रत्येक माशाचं खाणं वेगळं लिहावंसं वाटलं. झटक्याचं शास्त्र इथून सुरू होतं, हातातल्या जोरापासून होत नाही.

यानंतर सातशे वर्षांची उडी मारू आणि पुण्यात येऊ. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो होता. पुढे सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. त्या फिरतीत त्याने पक्षी आणि प्राण्यांबरोबर दख्खनच्या नद्यांतले मासेही तपासले. मुळा-मुठेतल्या एका मोठ्या माशाचं वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केलं आणि शास्त्रीय नावात स्थानिक लोकांचाच शब्द ठेवला, खुद्री. आज तो टॉर खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर. लढाईवर गेलेल्या माणसाने स्थानिक कोळ्याचा शब्द जसाच्या तसा उचलावा, याचं मला एक फौजी म्हणून कौतुक वाटतं.

या महसीरने इंग्रज शिकाऱ्यांना वेड लावलं. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूरहून निघालं आणि पुढे कित्येक वर्षं ते या छंदाचं मुख्य पुस्तक राहिलं. महसीरच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात आणि ते विलक्षण ताकदीचे असतात. ओठ जाड, मांसल. आमिष घेतल्याबरोबर तो प्रवाहात जी धाव घेतो, त्या धावेनेच गळ रुततो. इथे माणसाने वेगळा झटका द्यायची फारशी गरजच नसते. त्याचं काम दोरी ढिली पडू न देणं आणि मग मासा ओढेल तशी ती सोडत जाणं.

आपल्या तलावांतल्या रोहूचं अगदी उलट. तो पिठाची गोळी हळूच चाखतो, बूच थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं. बूच सरळ खाली गेलं की मनगटाचा छोटा झटका पुरतो. ओठ मऊ असतात, जोर लावला तर फाटतात. म्हणजे एकाच पाण्यात दोन मासे आणि दोन कायदे.

आता बास. नावाचा घोळ आधी सोडवतो. आपल्याकडे हॉटेलात सी बास म्हणून जो मिळतो, तो रायगडचा जिताडा, सिंधुदुर्ग-गोव्याचा चोणक. अमेरिकेतला ब्लॅक बास हा वेगळ्या कुळातला, गोड्या पाण्यातला. पण दोघांची खायची रीत सारखी: तोंड एकदम उघडायचं, पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढायचं, आणि नको असेल तर तितक्याच वेगाने बाहेर फेकायचं. जेम्स हेन्शॉल या डॉक्टरने १८८१ साली ब्लॅक बासवर पुस्तक लिहिलं आणि हा मासा अमेरिकी छंदाच्या केंद्रस्थानी आला.

बाससाठी जोरदार झटक्याची सवय लागली ती मात्र विसाव्या शतकात, नव्या सामानामुळे. १९४९ साली ओहायोतल्या निक क्रीमने मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं. पाणवनस्पतीत अडकू नये म्हणून गळाचं टोक त्या गांडुळाच्या आत लपवायची पद्धत पडली. मग झटक्याला दोन कामं आली: आधी प्लास्टिक फोडायचं, मग जबडा. शिवाय दोरी नायलॉनची, आपला तंगूस, जो ओढला की लांबतो आणि अर्धा जोर खाऊन टाकतो. म्हणून दोन्ही हातांनी काठी मागे खेचायची पद्धत रूढ झाली. पुढे १९७० च्या दशकात कार्बनच्या ताठ काठ्या आल्या, नंतर जवळजवळ न ताणली जाणारी विणलेली दोरी आली. सामान बदललं, सवय तीच राहिली, आणि माशांची तोंडं फाटू लागली. फौजेत नवी रायफल आली की जुनी सवय मोडायला वेळ लागतो. ट्रिगर दाबायचा असतो, हिसकायचा नसतो, हे जवानाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. काठीचंही तसंच आहे.

इथे इतिहासाला वळण मिळालं. १९६७ साली रे स्कॉटने बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या. शेकडो मासे तोलायचे आणि मरू द्यायचे, हे दिसायला वाईट आणि तळ्यांना घातक. १९७२ पासून त्याच्या संस्थेने पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. मासा सोडायचा ठरला की झटक्याचा अर्थच बदलतो. तोवर प्रश्न होता, मासा निसटू नये. आता प्रश्न झाला, सोडल्यावर तो जगेल का? ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात गळ लागलेला मासा बहुधा जगतो. घशात किंवा पोटात गळ गेलेला मासा पोहत निघून जातो, आपल्याला वाटतं वाचला, आणि पुढे कुठेतरी मरतो. उशिरा दिलेल्या झटक्याची ही किंमत आहे.

यावरचा उपाय मात्र फार जुना निघाला. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत शिंपल्यापासून घासून केलेले गळ सापडले आहेत, सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचे. त्यांचा आकार वळलेला आहे. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोक हाडाचे आणि शिंपल्याचे असे गळ करत, ज्यांचं टोक बाहेर न बघता आत दांडीकडे वळलेलं असे. पाहणाऱ्याला वाटावं, याने मासा धरला कसा जाणार? पण त्यात युक्ती आहे. मासा आमिष घेऊन वळतो, दोरी ताणली जाते, गळ घशातून सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी फिरून तिथेच रुततो. यात झटका द्यायचाच नसतो. दिलात तर गळ सरळ बाहेर. फक्त दोरी गुंडाळत राहायची.

१९८० च्या दशकात उत्तर प्रशांत महासागरातल्या हॅलिबटच्या व्यापारी मासेमारीने हा गोल गळ स्वीकारला. मग नियम आले. २००८ पासून अमेरिकेच्या अटलांटिक बाजूच्या स्पर्धांमध्ये मार्लिनसारख्या माशांना नैसर्गिक आमिष लावायचं तर गोल गळ सक्तीचा झाला. २०२१ पासून तिथल्या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बासला नैसर्गिक आमिषाने धरणाऱ्या हौशी लोकांनाही तोच नियम लागला. हजारो वर्षांपूर्वीच्या बेटवासीयांची अक्कल शेवटी कायद्यात आली.

आपल्या परंपरेत हा विचार परका नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी मासे मारू नयेत आणि विकू नयेत, असा हुकूम आहे. छत्तीसगढमध्ये आज १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांमध्ये मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. महाडजवळ वाळण कोंडीत महसीर देवीचे मासे म्हणून जपले जातात, तिथे गळच पडत नाही. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते. बंदी, श्रद्धा, विज्ञान, तिन्ही मार्ग आपल्याकडे आहेत. राहिला चौथा, काठी धरणाऱ्या माणसाच्या हातातला.

तो असा. घरी न्यायचा मासा न्या, त्यात काही वावगं नाही, मीही मासे आवडीने खातो. पण अंडी भरलेली मादी, बोटभर पिल्लू किंवा महसीर गळाला लागला आणि सोडायचा असेल, तर तो जगेल अशा रीतीने पकडलेला असला पाहिजे. त्यासाठी बुचावरून नजर हलवू नका. गळ गिळेपर्यंत वाट पाहू नका. कोणता मासा आहे ते ओळखून जोर ठरवा. गोल गळ असेल तर हात आवरा. गळ खोल गेलाच असेल तर तो उपसत बसू नका, तोंडाशी तंगूस कापा. आत राहिलेल्या गळापेक्षा उपसल्याने झालेली जखम बहुधा जास्त मारक ठरते.

ही भिलाई पोलादाची नगरी आहे. गळही शेवटी पोलादाच्या तारेचाच असतो. त्या तारेला कुठे वाक द्यायचा आणि तिला कधी ताण द्यायचा, एवढ्यावर एका माशाचं जगणं ठरतं. सोमेश्वराला मासा धरायचा होता, म्हणून त्याने माशाची खोड अभ्यासली. आपल्याला मासा धरायचाही आहे आणि नदीत ठेवायचाही आहे, तेव्हा आपल्याला त्याच्याहून थोडा जास्तच अभ्यास करावा लागेल.

तुमच्या गावात गळाला, बुचाला, झटक्याला काय शब्द आहेत ते जरूर कळवा. बडोद्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूरपासून इथपर्यंत, हे शब्द गोळा करायला हवेत. पुढच्या भागात भेटू.

जय हिंद.