शेवटच्या कडव्यातलं नाव

लावणी किंवा पोवाडा ऐकताना आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाचं लक्ष नको तिकडे जातं. ढोलकी, हलगी, सूर वगैरे ठीकच, पण शेवटचं कडवं आलं की कान टवकारतात, कारण तिथे कवी आपलं नाव घालतो. त्याला मुद्रा म्हणतात, कोणी छाप म्हणतात. आमच्याकडे फाईलच्या डोक्यावर लिहितात, 'लेखक अमुक, तारीख तमुक'. शाहीर पायाशी लिहितो, इतकाच फरक. फाईल कॉपी करताना ती ओळ उडवणारे महाभाग आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. लावणीतलं नाव मात्र चालीत आणि यमकात बसवलेलं असतं, काढायला गेलात तर कडवंच कोसळतं. कॉपीराईटचा कायदा यायच्या कितीतरी आधी केलेली ही सोय आहे, आणि मला ती फार हुशारीची वाटते.

आता हे नाव कुणाचं असतं आणि कुणाचं नसतं, हे बघायला लागलं की मजा संपते आणि इतिहास सुरू होतो. त्यासाठी आधी वेल्ह्याला जाऊ.

वेल्हे तालुक्यात (आता त्याचं नाव राजगड झालंय) राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले. शनिवार-रविवारी निम्मं हिंजवडी इथेच असतं. १६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा महाराजांचं ठाणं राजगडावर होतं. शेजारच्या रोहिडखोऱ्यातले, म्हणजे आजच्या भोर तालुक्यातल्या कारीचे कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन महाराजांकडे आले, वतनावर पाणी सोडायची तयारी दाखवली, तो हाच प्रसंग. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान मारला गेला आणि त्यावर अज्ञानदास नावाच्या शाहिराने पोवाडा रचला. उपलब्ध पोवाड्यांत हा सगळ्यात जुन्यांपैकी. त्यात शाहिराने नुसतं नाव घालून सोडलेलं नाही, बिदागीसुद्धा नोंदवून ठेवलीय : घोडा इनाम मिळाला आणि शेरभर सोन्याचा तोडा हातात पडला. नाव, काम आणि मोबदला, तिन्ही एका ठिकाणी. आमच्या ऑफर लेटरमध्ये याहून जास्त काय असतं सांगा :)

या पोवाड्याला पहिली दाद कुणी दिली असेल? माझा अंदाज, याच बारा मावळांतल्या माणसांनी. ज्यांचे बाप-भाऊ त्या जंगलात लपून बसले होते त्यांनी. पण ऐकणाऱ्यांची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. पुढे गोंधळी हे पोवाडे पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ म्हणत राहिले. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ (वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ ज्यांच्या नावाने आहे तेच) आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोळा करून १८९१ साली छापले. अज्ञानदासाचं नाव सव्वादोनशे वर्षं टिकलं ते कागदावर नाही, गोंधळ्यांच्या गळ्यात. त्या गोंधळ्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला पाठ आहेत?

नंतर हा सगळा मुलूख पंतसचिवांकडे गेला. भोर संस्थानाचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. १९४८ साली संस्थान विलीन झालं. भोरच्या राजवाड्यातला रामनवमीचा उत्सव मात्र अजून प्रसिद्ध आहे. वाड्यात कीर्तन, रामजन्म, पाळणा. आणि याच चैत्रात डोंगरातल्या गावांच्या जत्रा सुरू होतात, तिथे तमाशा. म्हणजे एकाच महिन्यात, काही कोसांच्या अंतरावर, रात्री जागवायचे दोन रस्ते. एका रस्त्याने गेलेलं घरी सांगता येतं, दुसऱ्या रस्त्याने गेलेलं लपवावं लागतं. निदान काही घरांत तरी.

या दोन्ही रस्त्यांवर चाललेला एक गडी इतिहासात आहे, पण त्यासाठी भोर सोडून सोलापूरला जायला हवं. रामजोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वैदिक जोशांच्या घरातला मुलगा. थोरला भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगणारा, आणि हा रात्री धोंडी शाहिराच्या तमाशाला जाऊन बसायचा. आधी नुसता ऐकायला. मग त्याच्यासाठी लावण्या करून द्यायला लागला. कुठल्याही चाहत्याचं हेच होतं बघा, काही दिवस टाळ्या वाजवतो, मग हात शिवशिवायला लागतात. भावाने घराबाहेर काढलं. रामजोशी पंढरपूरला बाबा पाध्यांकडे जाऊन संस्कृत शिकला, कीर्तनकार झाला, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात म्हणू लागला, आणि तरीही लावणी काही सुटली नाही. लावणीत मुद्रा घातली ती 'कविराय' अशी. थेट पदवीच! अंगात विद्या होती आणि ती लपवायची इच्छा नव्हती.

या माणसावर १९४७ साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. पटकथा-गीतं गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. चित्रपट तुफान चालला आणि मराठीत तमाशापटांची लाट आली. रामजोशीला चित्रपट मिळाला. धोंडी शाहिराला? तो रामजोशीच्या चरित्रातलं एक पात्र होऊन राहिला. ज्याच्या फडात बसून तो शिकला तो माणूस आता फक्त त्याच्यामुळे आठवतो. उलटं असायला हवं होतं की नाही?

त्या काळातली चाहत्यांची भांडणं हा तर स्वतंत्र विषय आहे. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणणार, तुरेवाले शिव श्रेष्ठ म्हणणार, आणि रात्रभर गाण्यात सवाल-जवाब. सवाल अडला की फड हरला. नुसता आवाज चांगला असून भागत नसे, वेदान्त आणि पुराणं पाठ लागत. ऐकणारेही वाटलेले असत, आणि आपल्या पक्षाचा शाहीर अडला की ते किती घायाळ होत असतील याची कल्पना कुठलीही क्रिकेट मॅच बघितलेल्या माणसाला करता येईल. कोकणात शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या अजून रंगतात.

मला या सगळ्यांत सगळ्यात जास्त आवडतो तो होनाजी. पुण्याचा, जातीने गवळी. लावण्या रचायचा होनाजी आणि गायचा बाळा करंजकर, हा शिंपी. लावणीच्या शेवटी मुद्रा कुठली? 'होनाजी बाळा'. दोघांचीही! लिहिणाऱ्याने गाणाऱ्याचं नाव आपल्या शेजारी घातलं, आणि ते इतकं चिकटलं की पुष्कळांना होनाजी बाळा हा एकच माणूस वाटतो. चाल लागल्याशिवाय आणि गळ्यातून निघाल्याशिवाय लावणी पुरी होत नाही, हे या गवळ्याला कळलं होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं. दोनशे वर्षांपूर्वी.

आता पठ्ठे बापूराव. मूळ नाव श्रीधर कृष्णा कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. कुलकर्ण्याचं पोर, आणि ओढा गावच्या तमाशाकडे. तेव्हा तमाशा करणारे बहुतेक महार-मांग समाजातले. त्यांच्यात बसणं, त्यांच्यासाठी लिहिणं, शेवटी त्यांच्याबरोबर बोर्डावर उभं राहणं, यातली एकेक पायरी म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने बुडणंच होतं. बापूराव बुडाले. जातीने टाकलं. पुढे संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावची पवळा त्यांच्या फडात आली आणि मुंबईच्या थिएटरांत या जोडीने धुमाकूळ घातला. त्याआधी तमाशात नाच्या पोऱ्या असायचा. बाई बोर्डावर उभी राहून गाते-नाचते ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली त्यात पवळाचा वाटा फार मोठा आहे.

बापूरावांनी ढीगभर लिहिलं आणि मुद्रेत स्वतःचं नाव घातलं. पवळाचं घातलं नाही. 'होनाजी बाळा'सारखं 'बापूराव पवळा' झालं नाही. कुणी म्हणेल, बापूरावांनी जात सोडली, घर सोडलं, शेवटी १९४५ साली हलाखीत गेले, त्यांच्याकडून अजून काय मागायचं? मान्य. पण गोष्ट सांगताना त्याग नेहमी त्यांचाच सांगितला जातो. ब्राह्मण असून तमाशात गेले, हे वाक्य किती वेळा वाचलंय. पवळाने काय पणाला लावलं होतं त्याचं वाक्य मात्र कुणाला सुचत नाही, कारण तिने ते करणं समाजाने गृहीतच धरलं होतं.

एक आठवण सांगितली जाते. बापूराव आपल्या खेळाचं उत्पन्न अस्पृश्यांच्या चळवळीसाठी द्यायला डॉ. आंबेडकरांकडे गेले आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, असा त्यांचा रोख. टाळ्यांच्या गजरात हा हिशेब कुणाच्या ध्यानात आला नव्हता. इतिहासकार शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या पुस्तकात हाच धागा पकडलाय : तमाशातल्या दलित बाईची कला सगळ्यांना हवी, पण तिला मान द्यायचा नाही, आणि 'अश्लील' हा शिक्का तिच्यावर, पैसे उधळणाऱ्यावर नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने तमाशा सुधारायला दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तमाशा सुधारला म्हणतात. बघणाऱ्यांना सुधारायला समिती कुठली?

असो. परत भोर-वेल्ह्याकडे.

इथल्या गावांची निम्मी माणसं पोटासाठी मुंबई-पुण्यात. जत्रेला सगळी येतात. वर्गणी निघते, आणि गावकऱ्यांपैकी चार जाणते तमाशाची सुपारी द्यायला जातात. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, तिथे बसून तारखा आणि रकमा ठरतात. जत्रेच्या रात्री पालखी, छबिना, शोभेची दारू, आणि मग गण, गवळण, रंगबाजी आणि वग. रंगबाजीत फर्माईश आणि दौलतजादा. माईकवरून पुकारा होतो : अमक्या वाडीचे तमके शेठ, यांच्याकडून एक्कावन्न रुपये. चाहत्याचं नाव, त्याच्या वाडीसकट, लाऊडस्पीकरवरून अख्ख्या खोऱ्यात घुमतं. जिच्या नाचावर पैसे दिले तिचं नाव किती जणांना विचारावंसं वाटतं? अज्ञानदासाच्या काळात शाहिराचं नाव राहिलं आणि ऐकणाऱ्याचं गेलं. इथे नेमकं उलट.

एक बदल झाला तो फडांच्या पाट्यांवर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे. बायका फडमालक झाल्या तशी त्यांची नावं कापडी कनातीवर मोठ्या अक्षरांत आली. विठाबाईंच्या नावात बाप आहे, जात आहे, गाव आहे, काही झाकलेलं नाही. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, आणि २००२ साली गेल्या तेव्हा परिस्थिती काय होती ते सर्वांना माहीत आहे.

आणि रात्र? ती तर आता कायद्याने कापली गेलीय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद केला, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, डीजेच्या भिंतीसमोर राहणाऱ्याने तर नाहीच. पण वग सुरूच मुळी मध्यरात्रीनंतर व्हायचा. दहाला माईक बंद म्हणजे गण-गवळणीवरच आटपा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उजेडात होणारा हजेरीचा खेळ तेवढा या नियमातून सुटला.

पूर्वी तमाशा सुटायचा पहाटे, म्हणजे बाप्ये जांभया देत घरी परतायचे ती वेळ. त्याच वेळी घराघरांत बायका जात्यावर बसलेल्या असायच्या. त्यांनी रात्रीचा तमाशा बघितलेला नसे, बाईमाणसाने जायची रीतच नव्हती. पण गाणं त्यांचंही चालू असे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून मावळ, मुळशी, वेल्हे या डोंगरी भागातून आणि पुढे महाराष्ट्रभरातून या ओव्या गोळा केल्या. एक लाखावर झाल्या. त्यांचा डेटाबेस बांधायला बर्नार्ड बेल नावाचा संगणकवाला आणि संगीताचा अभ्यासक सोबतीला होता, हे वाचून आमच्या जमातीबद्दल जरा बरं वाटलं. हे भांडार आता 'परी'च्या वेबसाईटवर आहे.

ओवीत मुद्रा नसते. कुणी रचली, कुणालाच ठाऊक नाही, आईची लेकीकडे आणि सासरच्या जात्यावरून शेजारणीकडे गेलेली. पण या डेटाबेसात ओवीपाशी गाणारीचं नाव आहे, तिचं गाव आहे, तालुका आहे, कुठे कुठे फोटोही आहे. वेल्ह्याच्या बाईची ओवी वेल्ह्याच्या बाईच्या नावावर. नाव आहे ते गाणारी म्हणून, कवयित्री म्हणून नाही. कारण विचारलं की बायका सांगतात, मी कुठली रचतीय, मी नुसती म्हणते.