खुंटी, मणी आणि घुंडी

मैफलीस आरंभ होण्यापूर्वी तंबोरा लावणाऱ्या गवयाकडे लक्ष देऊन पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. तो प्रथम खुंटी पिळतो आणि तार षड्जाच्या आसपास आणून ठेवतो. मग खुंटी सोडून तो भोपळ्याकडे वळतो आणि घोडीपलीकडे तारेत ओवलेला मणी केसभर सरकवितो. खुंटीने स्वर जवळ येतो, मण्याने तो जागेवर बसतो. एकाच कामासाठी ही दोन साधने का असावीत? कारण लांबचा पल्ला गाठणे आणि सूक्ष्म भेद सांभाळणे ही दोन्ही कामे मनुष्याच्या बोटांना एकाच साधनाने साधत नाहीत. आपल्या कारागिरांनी हा पेच फार पूर्वीच सोडविला होता. विसाव्या शतकात विजेची वाद्ये घडविणाऱ्यांपुढे तोच पेच नव्या वेषात येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्यांना घुंडीत शोधावे लागले.

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या आंदोलनांतून नाद घडविणारे वाद्य. त्याचा ‘मॉड्यूलर’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार लहान लहान खंडांचा बनलेला असतो. एक खंड नाद उत्पन्न करतो, दुसरा त्यातील काही अंश गाळतो, तिसरा त्याची तीव्रता कमीअधिक करतो. हे खंड तारांनी कसे जोडावयाचे ते वादकाने ठरवावयाचे असते. ह्या यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुधा आतील विद्युत्-मंडलांविषयी लिहितात. पण वादकाचा हात त्या मंडलांना कधीच लागत नाही. तो लागतो पाटीवरच्या घुंडीला. म्हणून त्या घुंडीचीही हकीकत सांगणे अगत्याचे आहे.

तिचा उगम नभोवाणीच्या संचात आहे. १९२० च्या सुमारास संच लावणाऱ्याला एक विचित्र अनुभव येत असे. केंद्र नीट लागले म्हणून हात बाजूला घ्यावा, तो केंद्र हलावे! मनुष्याचा देह जवळ आला की मंडलातील विद्युत्-भाराची धारकता बदलते, हे त्याचे कारण. ह्यावर उपाय म्हणून पाटीमागे धातूचा पडदा लावीत आणि घुंडी वीजरोधक पदार्थाची करीत. लिओ बेकलंड ह्यांनी १९०७ साली शोधून काढलेले बेकलाइट ह्या कामी फार उपयोगी पडले. ज्या दोषावर इतर सारे पडदे घालीत होते, त्या दोषाचेच वाद्य रशियातील लेव तेरेमिन ह्यांनी १९२० च्या सुमारास केले. त्यांच्या यंत्राला वादकाने स्पर्श करावयाचा नसतो. एक हात उभ्या कांबीजवळ नेला की स्वर चढतो, दुसरा हात आडव्या कडीपासून दूर नेला की आवाज वाढतो. येथे हाताला धरावयास काहीच नाही, आणि म्हणूनच हे वाद्य सुरात वाजविणे अतिशय कठीण आहे.

पुढे ध्वनिफितीचा काळ आला. १९५० नंतर जर्मनीत कोलोन येथील नभोवाणी-केंद्रात संगीतकारांनी शुद्ध विद्युत्-नादांचे संगीत रचण्यास प्रारंभ केला. त्यांच्या हाती आलेली बरीचशी साधने मुळात प्रयोगशाळेतील मापनयंत्रे होती. एका आंदोलकाची तबकडी फिरवून एक स्वर लावावयाचा, तो फितीवर घ्यावयाचा, पुन्हा तबकडी फिरवावयाची, आणि अखेर फितीचे तुकडे कापून जोडावयाचे, असा हा उद्योग होता. कार्लहाइन्ट्स स्टॉकहाउझेन ह्यांची १९५३ ची पहिली विद्युत्-रचना अशाच कष्टांतून सिद्ध झाली. येथे घुंडी होती, पण ती मोजमाप करणाऱ्या अभियंत्याची घुंडी होती. ती फिरविताना संगीत वाजत नसे. संगीत मागाहून, कातरीने तयार होत असे.

ही स्थिती पालटली १९६४ साली. न्यूयॉर्क राज्यातील ट्रूमन्सबर्ग गावी रॉबर्ट मूग हे तरुण अभियंते तेरेमिनची वाद्ये बनवून विकीत असत. संगीतकार हर्बर्ट डॉइश ह्यांच्या सहकार्याने त्यांनी त्या उन्हाळ्यात नव्या यंत्राचे पहिले खंड तयार केले. त्यांतील कल्पना अशी की, विद्युत्-दाब एक व्होल्टने वाढला की स्वर नेमका एक सप्तक चढावा. आता आंदोलकाला आज्ञा द्यावयास हातच पाहिजे असे राहिले नाही. दुसरा खंडही ती देऊ शकत होता. घुंडीने ठरविलेल्या दाबात अन्य खंडांकडून आलेले दाब मिळविले जात. एका घुंडीवर जणू अनेक अदृश्य हात एकाच वेळी पडू लागले.

ह्या योजनेचा घुंडीच्या दृष्टीने जो लाभ झाला, तो थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. स्वर एक सप्तक चढणे म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होणे. समजा, ५५ पासून १७६० कंपनांपर्यंतची पाच सप्तके एका घुंडीच्या २७० अंशांच्या फेऱ्यात बसवावयाची आहेत. घुंडी कंपनांच्या सरळ प्रमाणात फिरू दिली, तर सर्वांत खालच्या सप्तकाच्या वाट्यास जेमतेम ९ अंश येतात आणि सर्वांत वरचे एकटे सप्तक सुमारे १४० अंश अडवून बसते. मूग ह्यांच्या योजनेत प्रत्येक सप्तकास सारखे ५४ अंश मिळतात. कान जे अंतर समान म्हणून ऐकतो, ते बोटांनाही समानच लागते.

तरीही पेच उरतोच. १० मिलिमीटर व्यासाची घुंडी २७० अंशांत फिरविताना बोट तिच्या कडेवरून साडेतेवीस मिलिमीटर इतकेच सरकते. पाच सप्तकांतील ६० अर्धस्वरांत ते वाटले, तर एका अर्धस्वरास ०.४ मिलिमीटरही येत नाही. आपल्या २२ श्रुतींच्या हिशेबाने पाहिले, तर सरासरी एका श्रुतीस ०.२ मिलिमीटर. एवढ्या अंतरावर कोणाचा हात स्थिर राहील? हीच घुंडी ४० मिलिमीटर व्यासाची केली तर बोटाचा प्रवास चौपट होतो. म्हणून आंदोलकाच्या स्वराची घुंडी मोठी असावी, आणि तिच्याजवळ थोड्याच पल्ल्याची दुसरी घुंडी द्यावी, असा परिपाठ रूढ झाला. मोठी घुंडी म्हणजे खुंटी आणि धाकटी म्हणजे मणी, असे म्हणावयास काय हरकत आहे?

त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को येथे, डॉन बुकला हे वेगळ्या मार्गाने चालले होते. मॉर्टन सुबॉटनिक आणि रॅमोन सेंडर ह्या संगीतकारांनी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अनुदानातील ५०० डॉलर त्यांना यंत्र बनविण्यासाठी दिले. मूग ह्यांनी आपल्या यंत्रास पियानोसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या जोडल्या. बुकला ह्यांनी त्या कटाक्षाने टाळल्या आणि त्यांच्या जागी स्पर्शाने चालणाऱ्या पट्टिका बसविल्या. त्यांची भीती अशी की, जुन्या पट्ट्या समोर आल्या की बोटे जुनेच संगीत वाजवितील. हा वाद आपल्याकडील वाचकांस अपरिचित वाटू नये. आपल्या श्रुती पेटीच्या ठरावीक स्वरांत बसत नाहीत, हा आक्षेप जुनाच होता, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांची दारे बंद केली होती. घुंडीत मात्र अशा ठरावीक पायऱ्या नसतात. दोन स्वरांमधली मींड तिच्यातून अखंड निघते.

घुंडीखाली कोणती अक्षरे लिहावयाची, हाही क्षुल्लक प्रश्न नव्हता. कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्राचे व्लादिमिर उसाचेव्स्की ह्यांनी नादाच्या जन्मापासून लयापर्यंतच्या प्रवासाचे चार भाग कल्पून तसा खंड मूग ह्यांच्याकडे मागितला. नाद किती वेळात चढावा, मग किती वेळात थोडा उतरावा, कोणत्या पातळीवर टिकावा आणि शेवटी किती वेळात विरावा, ह्यासाठी चार घुंड्या आल्या. मूग ह्यांच्या पाटीवर त्यांपैकी तीन घुंड्यांखाली टी-१, टी-२, टी-३ अशी अभियंत्याची अक्षरे होती. पुढे त्यांच्या जागी साधे शब्द आले आणि तेच सर्वत्र रूढ झाले. यंत्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून वादकाच्या घरी येत असल्याची ही एक खूण होती.

असेच एक यंत्र आपल्या देशातही आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे बडोदेकर वाचकांच्या शेजारीच, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर ह्यांनी मूग सिंथेसायझर बसवून विद्युत्-संगीताचे दालन उभे केले. ज्यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज ह्यांना भारतीय संगीताचे पाठ दिले होते, त्या गीता साराभाई ह्यांनी, तसेच आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा ह्यांनी तेथे रचना केल्या. त्यांच्या १९६९ ते १९७२ ह्या काळातील फिती अनेक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस ह्यांच्या परिश्रमाने त्या २०२३ साली प्रकाशित झाल्या आणि जगास ऐकावयास मिळाल्या. त्या ऐकताना मनास एक गोष्ट चटका लावून जाते. नाद राहिला आहे, पण तो ज्या घुंड्यांनी घडला त्या त्या क्षणी कोठे उभ्या होत्या, हे फीत सांगत नाही. मॉड्यूलर यंत्राला स्मरणशक्ती नसते. तारा काढल्या, घुंड्या फिरविल्या, की काल सापडलेला नाद आज पुन्हा शोधावा लागतो.

हे विस्मरण दूर करण्याच्या खटपटीतच पुढे घुंडीवर गंडांतर आले. १९७० च्या ‘मिनिमूग’मध्ये जोडण्या आतच कायम करून टाकल्या होत्या. खाली झालर आणि माथ्यावर धातूची चकती असलेल्या काळ्या घुंड्या तेवढ्या हाती राहिल्या. १९७८ च्या ‘प्रॉफेट-५’ यंत्रात ४० नाद साठवून ठेवण्याची सोय झाली. पण साठविलेला नाद परत बोलाविला की घुंडी एक सांगे आणि कान दुसरे ऐके. १९८३ साली यामाहाच्या ‘डीएक्स-७’ने हा विसंवाद मुळातच तोडला. सपाट बटणांच्या रांगा आणि मूल्य बदलण्यासाठी एक सरकती कळ, एवढ्यावर शंभराहून अधिक बाबींचा कारभार चालू लागला. घुंड्या गेल्या, यंत्र आटोपशीर झाले, नाद हुकमी मिळू लागले. पण पुष्कळ वादक कारखान्यातून भरून आलेल्या नादांवरच संतोष मानू लागले. त्याच वर्षी रोलंड कंपनीने ‘जेएक्स-३पी’ हे वाद्य बाजारात आणले आणि ज्यांना घुंड्या हव्यात त्यांच्यासाठी त्यांची वेगळी पेटी वेगळ्या किमतीस विकावयास ठेवली. जी वस्तू वाद्याचा देह होती, ती आता ऐच्छिक अलंकार ठरली!

ह्याच कंपनीच्या एका लहानशा यंत्राने मात्र घुंडीची बाजू राखली. १९८१ चे ‘टीबी-३०३’ बास गिटारच्या साथीऐवजी वापरावे, एवढाच त्याचा हेतू होता. माथ्यावर सहा घुंड्यांची एक रांग होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजविणारे चरणजीत सिंग ह्यांनी १९८२ साली हे यंत्र घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याचा त्याचा गुण त्यांना रागाच्या चलनास जवळचा वाटला असला, तर नवल नाही. तेव्हा तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ ह्या मंडळीने एकच स्वरावली सारखी चालू ठेवून नुसत्या घुंड्या फिरविल्या आणि त्यातून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकारच जन्मास आला. २०१० साली सिंग ह्यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा रसिक थक्क झाले.

ह्यानंतर घुंडी परत आली ती जर्मनीतून. १९९५-९६ च्या सुमारास म्यूनिकजवळचे डीटर डोएफर ह्यांनी १२८.५ मिलिमीटर उंचीच्या लहान खंडांची पद्धत सुरू केली. तिच्यात रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत मोजतात. आज जगभर असंख्य लहानमोठे कारागीर ह्याच मापाने खंड बनवितात, आणि त्यांतील प्रत्येकास घुंडीचा विचार नव्याने करावा लागतो. जागा थोडी, म्हणून घुंडी बारीक करावी, तर हिशेब बिघडतो. घुंड्या जवळजवळ बसवाव्या, तर एक फिरविताना शेजारची हलते, आणि वरून तारांचे जंजाळ असतेच. रंगमंचावरच्या अंधुक प्रकाशात पांढरी रेघ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर कोंबडीच्या डोक्यासारखी टोकदार जुनी घुंडी बरी, कारण तिची दिशा बोटांनाच कळते. आस फार सैल असला तर लावलेला स्वर धक्क्याने ढळतो, फार घट्ट असला तर हलके वळण घेता येत नाही. सर्वच घुंड्या एका आकाराच्या केल्या तर पाटी देखणी दिसते, पण कोणती महत्त्वाची हे हाताला समजत नाही. जो कारागीर स्वतः वाजवितो, त्याला हे सांगावे लागत नाही.

आता संगणकाच्या पडद्यावरही घुंड्यांची चित्रे असतात. त्या सर्व काही लक्षात ठेवतात आणि मागताक्षणी जुना नाद पुन्हा उभा करतात. ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरी हजारो वादक स्मरणशक्ती नसलेल्या यंत्रापुढे आजही का बसतात, ह्याचे उत्तर आपल्या मैफलीतच आहे. कालचा लावलेला तंबोरा आज उतरलेला असतो. कोणी गवई त्याबद्दल तंबोऱ्यास दोष देत नाही. तो पुन्हा खुंटी पिळतो, मणी सरकवितो, आणि तसे करता करता त्याचा कान त्या दिवसाच्या षड्जाशी जुळतो. रोज नव्याने लावावे लागणे हा वाद्याचा दोष आहे, असे जेव्हा यंत्रे बनविणाऱ्यांनी मानले, तेव्हा घुंडी गेली. ती साधनेचाच एक भाग आहे, हे वादकांस पुन्हा उमगले, तेव्हा ती परत आली.