ओळीन् ओळ वाचलेली प्रणाली

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय तत्त्वांपुरता शिकवला की अर्धाच शिकवला जातो. चालती प्रणाली पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्यावरच तो पुरता उमगतो. या विषयाच्या अध्यापनाचा इतिहास हेच सांगतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभाच विद्यार्थ्यांपुढे ठेवला. १९७७ पर्यंत त्याचे दोन भाग तयार झाले : एकात क्रमांक घातलेला सोर्स कोड, दुसऱ्यात त्यावरचे भाष्य. ओळी दहा हजारांहून कमी. एवढा मजकूर एका सत्रात वाचून होतो, आणि वाचणाऱ्याला सगळी प्रणाली एकसंध डोळ्यांपुढे धरता येते.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर एटी अँड टीने परवान्याच्या अटी बदलल्या आणि वर्गात हा कोड शिकवण्याची वाट बंद झाली. लायन्स यांचे भाष्य पुढे अनेक वर्षे झेरॉक्स प्रतींच्या रूपात हातोहात फिरले. उघडपणे छापले जायला १९९६ उजाडले. ही वाट बंद झाल्यावर अनेक विद्यापीठे निव्वळ सिद्धांताकडे वळली. त्यात काय बिघडले, असे कोणी विचारेल. डाइक्स्ट्रा यांचा सेमाफोर किंवा त्यांची थरांची रचना कागदावरही समजते. समजते, हे मान्य. पण १९६८ मध्ये त्यांनी मांडलेली ती रचना आइंडहोवनला प्रत्यक्ष प्रणाली उभारतानाच आकाराला आली होती. शिवाय कागदावर तत्त्व फार नीटनेटके दिसते. एका प्रोसेसकडून दुसरीकडे ताबा जाणे ही पुस्तकात एका बाणाची गोष्ट असते. सहाव्या आवृत्तीत त्याच जागी कर्त्यांनी शेरा लिहून ठेवला आहे की हे वाचकाला समजावे अशी अपेक्षा नाही. पुढे त्या कर्त्यांपैकी डेनिस रिची यांनी मोकळेपणाने सांगितले की ते नेमके काय चालले आहे हे तेव्हा त्यांनाही पुरते कळलेले नव्हते. ही कबुली माझ्या मते विद्यार्थ्यासाठी अनमोल आहे : तत्त्व आणि यंत्र यांची सांगड कुठे अडते, ते त्याला त्या जागेवर बोट ठेवून पाहता येते.

अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी १९८७ मध्ये ॲम्स्टरडॅमला मिनिक्स लिहिले ते ही पोकळी भरण्यासाठीच, आणि कोड पुस्तकातच छापला. अशा प्रणाली खेळण्यातल्या असतात, हा आक्षेप तेव्हापासूनचा. आजच्या लिनक्सच्या कोट्यवधी ओळींपुढे त्या लहान आहेत, हे खरेच. पण त्या कोट्यवधी ओळी कोणीही एकटा वाचू शकत नाही, आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली ती मिनिक्स वापरत, अभ्यासतच. एमआयटीने २००२ मध्ये आपला अभ्यासक्रम लायन्स यांच्या भाष्यावरच उभा केला. सहावी आवृत्ती ज्यावर चाले ते कालबाह्य पीडीपी-११ यंत्र कशाला शिकायचे, असे विद्यार्थी विचारू लागले, तेव्हा २००६ मध्ये तिथल्या शिक्षकांनी सहाव्या आवृत्तीचीच घडण नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा लिहून काढली. तिचे नाव एक्सव्ही-६, आणि तिचा कोडही लायन्स यांच्या प्रतीसारखाच ओळींचे क्रमांक घालून छापलेला आहे.