ओटीवरचं सरबत आणि माजघरातला पेला



कोकणातल्या आपल्या जुन्या घरांची रचना आता बऱ्याच मुलांना फोटोतूनच माहीत आहे. अंगण, दोन-तीन पायऱ्या, मग ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. ओटीला कुठे पडवी म्हणत. उन्हाळ्यात माणसं राहायची ती ओटीवरच. झोपाळा तिथे, पानाचं तबक तिथे, पाण्याचा माठ तिथे. आलेल्या माणसाला आत बोलवायचं की ओटीवरच बसवायचं, यावरून त्याचं आणि आपलं नातं कळत असे. आमच्या मते आपल्या समाजाचा निम्मा इतिहास या ओटीवर घडला आहे. पुस्तकांत मात्र सिनेगॉगचाच येतो.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवत. शब्बाथला घाणा बंद, बैल सुटलेले, चूल थंड. म्हणून शेजाऱ्यांनी आपल्याला नाव दिलं 'शनिवार तेली'. हे नाव आपण अभिमानाने सांगतो, पण त्यामागचा दिवस कसा जात असेल याचा विचार करत नाही. वैशाखातला शनिवार, अंगातून घामाच्या धारा, काम नाही आणि विस्तव नाही. मग ओटीवर बसायचं आणि गार काहीतरी प्यायचं.

कोकणची उन्हाळी पेयं या दिवसाला अगदी सोयीची. पन्ह्यासाठी कैऱ्या शुक्रवारीच उकडून किंवा निखाऱ्यात भाजून घ्यायच्या, गर काढून गूळ, वेलची, चिमूटभर मीठ घालून ठेवायचा. शनिवारी फक्त पाण्यात कालवायचा. लिंबंही शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पिळून ठेवायची. अमृतकोकमाला तर चूल लागतच नाही. रातांब्याच्या वाट्या साखरेत मुरवून बरणी उन्हात ठेवली की आठ-दहा दिवसांत रस सुटतो. साखर महाग होती तेव्हा मिठातलं आगळ आणि गूळ यांवर भागत असे. नर्सिंगमध्ये आयुष्य घालवल्यावर आम्हाला याचं जास्तच कौतुक वाटतं. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला आम्ही वॉर्डात जे पाजत होतो, त्याच्या फार जवळचं हे पेय आहे, आणि चवीला कितीतरी चांगलं.

ताकाची गोष्ट वेगळी. शेजारणीकडे घुसळण झाली की तांब्याभर ताक ओटीवर यायचं. पण ज्या दिवशी घरात मटण शिजलेलं असेल त्या दिवशी ते जेवणात चालत नाही. दूध आणि मांस एकत्र नाही, हा नियम कोकणातल्या बायकांनी नारळाच्या जोरावर पाळला. सोलकढी नारळाच्या दुधाची, म्हणून ती मटणाच्या ताटाशेजारी बिनदिक्कत बसते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ओटीच्या आठवणी काढताना आपण ती नेहमी टाळतो. या ओटीवर सगळे सारखे नव्हते. तेल्याच्या हातचं पाणी घेणारे शेजारी होते, तसे न घेणारेही होते. कोणी आपला तांब्या आणत, कोणी ओंजळीत वरून ओतून घेत, कोणी बसून गप्पा मारत पण ओठाला काही लावत नसत. आणि आपणही कमी नव्हतो. 'गोरे' आणि 'काळे' असा भेद आपण आपल्याच माणसांत केला. रोटी-बेटीचा व्यवहार नाही, एका पंक्तीला बसणं नाही. गावाकडून घेतलेल्या गोष्टींत कोकम होतं, तशी ही विटाळाची कल्पनाही होती. पहिली आपण सांगतो, दुसरी सांगत नाही.

तरीही ओटीवर ये-जा होती, आणि चैत्रात ती सर्वांत जास्त असे. शेजारणींच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, त्यात आंब्याची डाळ आणि पन्हं. आपल्याकडे त्याच सुमारास पेसाख. आपल्या जुन्या बायका त्याला पेसाख म्हणत नसत, त्या म्हणत 'अनाशी ढाकायचा सण'. आंबट पातळ पदार्थाचं जे मडकं बारा महिने घरात असे, ते त्या दिवसांत झाकून ठेवायचं, म्हणून हे नाव. आपल्या सणांची अशी मराठी नावं हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात नोंदवली आहेत. त्यांनी तो 1897 साली लिहिला आणि तो तेल अवीवला 1937 साली छापून निघाला. हिब्रू नाव विसरलं गेलं, पण मडकं झाकायचं विसरलं नाही, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

एक पेय मात्र ओटीवर कधी आलं नाही. ते माजघरातलं होतं. किद्दुशला द्राक्षांचा रस हवा, आणि परक्याने केलेली वाईन चालत नाही. कोकणात आपल्या हाताने वाईन करायला द्राक्षं कुठली? मग काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करायचं. मनुकांच्या रसावर किद्दुश होतो, याला धर्मशास्त्राचा आधार आहे. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की तो पेला घरातल्या पुरुषाच्या हातात, आणि मग घोट घोट सगळ्यांना. गोडीला म्हणाल तर कोकमासमोर काहीच नाही. पण पन्हं शेजारणीकडेही मिळायचं, हे आपल्याच घरी.

मुंबईला आलो तेव्हा ओटीची जागा चाळीच्या गॅलरीने घेतली. उमरखाडी, मांडवी, डोंगरी. 1796 साली स्थापन झालेली, सॅम्युएल स्ट्रीटवरची 'जुनी मशीद' तिथून जवळच. अमृतकोकमाच्या बरण्या आता गॅलरीच्या कठड्यावर उन्हात बसल्या. त्या पडू नयेत म्हणून दोरीने बांधून ठेवत.

आलियाह करून आलेल्यांच्या वाट्याला दिमोना, बेर शेवा, लोद, रामले, अश्दोद इथल्या शिकुनच्या इमारती आल्या. ओटी नाही, गॅलरी नाही, होता तो एक जिना. संध्याकाळी वारा सुटला की बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसत. मोरोक्कोच्या शेजारणी पुदिन्याचा चहा आणत, आपल्या बायका बॅगेतून आणलेल्या आमसुलांचं सरबत देत. लाल रंग बघून मुलं धावत यायची, त्यांना ते पेतेल वाटायचं. पहिला घोट घेतला की तोंडं बघण्यासारखी होत.

इथे कोणी वरून ओंजळीत ओतून घेतलं नाही. पण 1962 साली मुख्य रब्बिनेटने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचे आदेश दिले. आईची आई कोण, तिची आई कोण, जितकं मागे जाता येईल तितकं. आपले लोक येरुशलायमला धरणं धरून बसले. 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असं जाहीर केलं, आणि मग त्या आदेशातून बेने इस्राएलांचं नाव काढलं गेलं. कोकणातला शेजारी आमच्या हातचं पाणी घेत नव्हता, पण शनिवारी घाणा का बंद आहे हे त्याला विचारावं लागत नव्हतं. या दोन्ही गोष्टी नातवंडांना एका दमात सांगाव्यात असं आम्हाला वाटतं. एकच सांगितली तर कोकण नुसतं गोड होतं किंवा इस्राएल नुसता कडू, आणि दोन्ही खोटं.

आता कोशेर वाईन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, म्हणून मनुकांचं सरबत बऱ्याच घरांतून गेलं. कोकम देशी दुकानांमुळे टिकलं. ज्यांना सरबत करायचं आहे त्यांच्यासाठी आमच्या घरची रीत देतो. काळ्या मनुका घ्या, पण पाकिटावर वाचून, कारण कित्येक मनुकांना तेलाचा हात लावलेला असतो आणि मग सरबतावर तवंग येतो. पाव किलो मनुका कोमट पाण्याने दोनदा धुवा आणि गुरुवारी रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला. शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात हाताने कुस्करा, मिक्सर नको, बिया फुटल्या की तुरटपणा येतो. एक उकळी आणून गार करा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. पिळताना घाई केली तर गाळ खाली उतरतो. साखर घालायची नाही. दिवस मावळायच्या आत पेला भरून वर बशी झाकून ठेवा.