गिलानसेवा आणि विनयपिटक

भगवान बुद्धांचा धम्म म्हणजे केवळ ध्यानधारणा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. विनयपिटकातील महावग्ग वाचला म्हणजे हा समज टिकत नाही. तेथे रोग्याची शुश्रूषा हा संघजीवनाचा नियमच ठरविलेला आढळतो.

चीवरक्खन्धकातील प्रसंग प्रसिद्ध आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. विचारता त्याने सांगितले की, आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपली सेवा करीत नाहीत. तथागतांनी आनंदांकडून पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले, आनंदांनी अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्यास मंचकावर निजविले.

यानंतर तथागतांनी संघास एकत्र करून समजाविले की, येथे भिक्खूंना आईबाप नाहीत; त्यांनी परस्परांची सेवा केली नाही तर ती कोण करणार? जो बुद्धाची सेवा करू इच्छितो त्याने रोग्याची सेवा करावी, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. उपाध्याय, आचार्य, शिष्य यांवर क्रमाने जबाबदारी टाकली गेली. कोणीच नसल्यास ती संपूर्ण संघाची. ती टाळणे हा दोष ठरला.

उत्तम परिचारकाची पाच लक्षणे तेथेच दिली आहेत. त्यास औषध तयार करता यावे. पथ्य व अपथ्य ओळखून अपथ्य दूर ठेवावे. लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मल, मूत्र व वांती काढताना किळस करू नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रोग्यास धीर द्यावा. रोग्यानेही पथ्याचे प्रमाण जाणावे, औषध घ्यावे व दुखणे लपवू नये.

आहाराचा विचार भेसज्जक्खन्धकात येतो. श्रावस्तीत शरद ऋतूतील आजाराने भिक्खूंच्या पोटात पेजही ठरेना. ते कृश व फिकट झाले, शिरा दिसू लागल्या. तेव्हा तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही पाच भेसज्जे अनुज्ञात झाली. आरंभी ती योग्य वेळीच, म्हणजे मध्यान्हापूर्वी घ्यावयाची होती. पण अन्नावरची वासना उडालेले भिक्खू अधिकच खंगले, म्हणून वेळेचे बंधनही काढले गेले. नियम रोग्यासाठी वाकला, रोगी नियमासाठी नव्हे. पेजेचे दहा गुणही याच खंधकात सांगितले आहेत. भूक व तहान शमविणे, वायू सरळ करणे आणि न पचलेले अन्न पचविणे हे त्यांतील काही होत.

या इतिहासाचे मर्म आम्हा आंबेडकरी बौद्धांना विशेष जाणवावे. ज्या समाजाने मलमूत्र उचलण्याचे काम काही जातींच्या माथी मारले व त्या कामामुळेच त्यांना अस्पृश्य लेखले, त्याच भूमीत शास्त्याने ते स्वहस्ते केले. आणि मृत भिक्खूचे पात्र व चीवर त्याच्या परिचारकांस देण्याची प्रथा घालून संघाने या श्रमाचा गौरव केला. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुग्णांविषयीच्या बुद्धांच्या आस्थेस मुद्दाम स्थान दिले, ते उगीच नव्हे.

विहारात वंदना होते, प्रवचने होतात. वस्तीतील अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पेज कोण करतो व त्याचे अंथरूण कोण बदलतो, याचीही नोंद विहाराने ठेवावी. विनयाचा तो मूळ नियमच आहे.