अल जझीरा : भाषेचा विस्तार आणि पैशाची मर्यादा

अरबी ही वीसहून अधिक देशांची भाषा. परंतु त्या देशांतील नभोवाणी व दूरचित्रवाणी दीर्घकाळ सरकारांच्याच हाती होती. १९५३ साली कैरोहून सुरू झालेल्या 'सौत अल-अरब' या नभोवाणीने सीमेपलीकडच्या अरबांनाही साद घातली. मात्र १९६७ च्या युद्धात पराभव होत असताना तिने विजयाच्या बातम्या दिल्या आणि तिची विश्वासार्हता गेली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी स्वतःच्याच प्रदेशातील घडामोडींसाठी अनेक अरबांना सीएनएन या अमेरिकन वाहिनीकडे वळावे लागले.

१९९४ मध्ये बीबीसी आणि सौदी मालकीची ऑर्बिट कंपनी यांनी अरबी वाहिनी सुरू केली. सौदी अरेबियाविषयीच्या वृत्तांकनावरून वाद होऊन ती एप्रिल १९९६ मध्ये बंद पडली. तेथील अनेक प्रशिक्षित पत्रकार कतारमधील नव्या वाहिनीत दाखल झाले. १९९५ मध्ये सत्तेवर आलेले अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी सुमारे १३.७ कोटी डॉलर्सचे साहाय्य दिले आणि १ नोव्हेंबर १९९६ रोजी दोहा येथून अल जझीराचे प्रक्षेपण सुरू झाले. 'मत आणि दुसरे मत' हे तिचे ब्रीद. फैसल अल-कासिम यांच्या चर्चेत सत्ताधाऱ्यांचे विरोधकही बोलू लागले. २००१ च्या अफगाण युद्धात काबूलमधील तिची दृश्ये जगभर पोहोचली. १५ नोव्हेंबर २००६ रोजी इंग्रजी वाहिनी सुरू झाली.

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इतर राजवटींवर कठोर टीका करणारी ही वाहिनी कतारच्या राज्यकर्त्यांबाबत मात्र सौम्य राहिली. उलटपक्षी, २०१७ मध्ये सौदी अरेबियासह चार देशांनी ती बंद करण्याची मागणी केली. भारतातही काश्मीरच्या चुकीच्या नकाशांवरून एप्रिल २०१५ मध्ये इंग्रजी वाहिनीचे प्रक्षेपण पाच दिवस थांबविण्यात आले.

भाषा राजकीय सीमा मानत नाही, हे बेळगाव-निपाणीच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तरी मुंबईच्या मराठी वाहिन्या येथे पाहिल्या जातात. पण आपल्या भाषेत आलेली बातमी आपल्या बाजूची किंवा खरीच असते, असे नाही. म्हणून एकाच घटनेचे दोन वाहिन्यांवरील वृत्त वर्गात शेजारी ठेवावे आणि विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत : खर्च कोण करतो? आणि कोणाविषयी मौन आहे?